कमी ऑक्सिजनमध्ये डोके-मानेच्या कॅन्सरच्या पेशी मंदावतात की आक्रमक होतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही फाडू पेशी (घशाच्या खालच्या भागातल्या गाठीपासून तयार केलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या) १ टक्का ऑक्सिजनमध्ये २४ तास ठेवल्यात. हायपॉक्सियामुळे, म्हणजे ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे, डोके-मानेचा कॅन्सर आक्रमक होतो असं सगळीकडे वाचलेलं असल्यामुळे पेशी भराभर वाढतील, स्क्रॅच (पेशींच्या थरावर ओढलेली भेग) लवकर भरेल, अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. पेशी नेहमीच्या प्लेटपेक्षा कमी भरल्या, स्क्रॅच उशिरा भरला, आणि हिफ-१ अल्फा या, ऑक्सिजन कमी झाला की पेशीत साठणाऱ्या प्रथिनाचा ब्लॉट (प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) जवळजवळ कोरा आला. गाइडचं म्हणणं की प्रयोग फसला. शेवटी तुम्ही आणखी एक प्रश्न जोडलाय: ऑक्सिजनची कमतरता इतकी घातक असेल, तर रुग्णाला ऑक्सिजन देऊन हा प्रश्न का सुटत नाही?

मी पेशींवर होणारा किरणोपचाराचा परिणाम अभ्यासते आणि त्यातली बरीच वर्षं हायपॉक्सिया चेंबरसमोर गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या तीन निकालांपैकी पहिले दोन खरे असण्याची शक्यता मोठी आहे. तिसरा, म्हणजे कोरा ब्लॉट, बहुधा हाताळणीतला दोष आहे. त्यामुळे सगळा प्रयोग फेकून देऊ नका.

गोंधळाचं मूळ ‘आक्रमक’ या शब्दात आहे. वॉर्डातला डॉक्टर आक्रमक गाठ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर उपचारांना दाद न देणारी, वर्षभरात त्याच जागी परत येणारी, मानेतल्या लिम्फ नोडमध्ये किंवा फुफ्फुसात उतरणारी गाठ असते. प्लेटसमोर बसलेले आपण मात्र आक्रमक म्हणजे झपाट्याने वाढणारी असं धरून चालतो. इथे खरं तर तीन निरनिराळी मोजमापं आहेत: पेशी किती वेगाने विभागते, हाल सोसून किती टिकते, आणि आपली जागा सोडून किती सरकते. ऑक्सिजन कमी झाला की विभागणी बहुतेकदा मंदावते, टिकून राहण्याची ताकद वाढते, आणि सरकण्याचं काय होईल हे कमतरता किती, किती वेळ आणि त्यानंतर ऑक्सिजन परत मिळाला की नाही यावर ठरतं. पेशीचा जोम ओसरतो आणि चिवटपणा वाढतो. रुग्णाचं नुकसान हा चिवटपणा करतो, आणि २४ तासांच्या पेशीमोजणीत तो दिसत नाही.

आता ‘कमी’ म्हणजे नेमका किती, ते बघू, कारण बहुतेक चुका इथेच होतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे दाबाच्या हिशेबात साधारण १६० मिलिमीटर पारा. तुमच्या नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर बाष्प असतं, तिथे तो १४० च्या आसपास उतरतो. शरीरातल्या निरोगी ऊतींमध्ये मात्र हा आकडा साधारण ३० ते ५० मिलिमीटर असतो. म्हणजे ज्या प्लेटला तुम्ही ‘नॉर्मल’ म्हणताय, तिच्यातल्या पेशी शरीरात कधीच मिळत नाही इतक्या ऑक्सिजनमध्ये वाढताहेत. तुमचा १ टक्का म्हणजे जवळजवळ ७ मिलिमीटर. डोके-मानेच्या गाठींत अशा जागा सर्रास सापडतात, आणि त्याहून खूप खालच्याही.

याच पट्टीवर आणखी दोन खुणा करून ठेवा. हिफ-१ अल्फा साठायला लागतो तो ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या खाली घसरू लागला की, आणि १ टक्क्याच्या आसपास तो चांगलाच वर असतो. किरणोपचाराचा परिणाम घटायला मात्र याहून बराच खाली जावं लागतं. ऑक्सिजनमुळे किरणांना मिळणारी वाढीव ताकद निम्म्यावर येते ती साधारण ३ मिलिमीटरला, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही खाली. याचा अर्थ असा, की १ टक्क्यावर पेशीची जनुकं कमतरतेची भाषा बोलू लागलेली असतात, पण किरणांसमोर तीच पेशी अजून बऱ्यापैकी हळवी असते. ‘हिफ चालू, म्हणजे पेशी किरणांना दाद देणार नाही’ असं सरसकट लिहिलेले प्रबंध मी तपासले आहेत आणि प्रत्येक वेळी तिथे लाल रेघ मारावी लागली आहे. या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांचे उंबरठेही वेगळे आहेत.

गाठीत हे कसं दिसतं हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं सगळं सोपं जातं. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला पिमोनिडॅझोल नावाचं रसायन दिलेलं असेल, तर ते फक्त ऑक्सिजन फार कमी असलेल्या जिवंत पेशींत चिकटून राहतं आणि नंतर स्लाइडवर तपकिरी रंगात उमटतं. अशी स्लाइड लावा आणि एखादी छोटी रक्तवाहिनी शोधा. तिला लगटून असलेल्या पाच-सहा ओळी स्वच्छ असतात, त्यांत विभागणाऱ्या पेशींची केंद्रकं ठळक दिसतात. आणखी थोडं पुढे सरकलं की फिकट तपकिरी छटा येते, विभागणाऱ्या पेशी विरळ होतात. मग गडद तपकिरी पट्टा. आणि त्याला चिकटून एकदम मेलेल्या पेशींचा चुरा. वाहिनीपासून चुऱ्यापर्यंतचं हे सगळं अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम दीड-दोन पट. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ साली फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या स्लाइड मोजून हेच दाखवलं. रक्तपुरवठ्यापासून सुमारे १५० ते १८० मायक्रॉनच्या पलीकडे जिवंत पेशी राहत नाहीत, कारण तिथवर पोचेपर्यंत वाटेतल्या पेशी सगळा ऑक्सिजन वापरून टाकतात.

जाता जाता एक इशारा. चांगल्या विभेदित, केराटिन तयार करणाऱ्या स्क्वॅमस कार्सिनोमात तपकिरी पट्टा पुष्कळदा अशा पेशींवर पडतो ज्या पक्व झाल्या आहेत आणि तशाही पुन्हा विभागणार नव्हत्या. त्यामुळे नुसतं तपकिरी क्षेत्रफळ मोजून ‘इतक्या पेशी उपचारातून वाचणार’ असं म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट, ही स्लाइड म्हणजे एका क्षणाचा फोटो असतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या असतात. त्या काही मिनिटं ते काही तास बंद पडतात आणि परत सुरू होतात. वाहिनीला अगदी खेटून असलेली पेशीही अशा वेळी ऑक्सिजनविना राहते आणि नंतर तिला तो अचानक मिळतो. अंतरामुळे होणारी सततची कमतरता आणि वाहिनी बंद-चालू झाल्याने येणारी-जाणारी कमतरता, असे हे दोन प्रकार. तुमच्या चेंबरने यातला फक्त पहिला घडवला.

पेशीच्या आत काय चालतं? हिफ-१ अल्फा हे प्रथिन पेशी सतत बनवत असते आणि सतत मोडत असते. ऑक्सिजन असताना प्रोलिल हायड्रॉक्सिलेज ही एन्झाइम त्याच्यावर एक खूण उमटवतात, ती खूण व्हीएचएल प्रथिन ओळखतं आणि हिफची विल्हेवाट लागते. या सगळ्याला लागतात साधारण पाच मिनिटं. खूण उमटवायला ऑक्सिजनच कच्चा माल म्हणून लागत असल्यामुळे तो नसला की खूण उमटत नाही, हिफ साठतो आणि केंद्रकात जाऊन शेकडो जनुकं चालू करतो. ही साखळी उलगडल्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं. ती पाच मिनिटं लक्षात ठेवा, तुमच्या ब्लॉटचं उत्तर तिथे आहे.

चालू होणाऱ्या जनुकांची यादी मोठी आहे, पण कल एकच दिसतो: खर्च कमी करा आणि तग धरा. ग्लुकोज आत ओढणारे वाहक वाढतात. मायटोकॉन्ड्रियाकडे जाणारा माल अडवला जातो आणि ग्लुकोजचं लॅक्टेट होऊ लागतं. त्यातून तयार होणारं आम्ल बाहेर टाकायला, आणि पेशीच्या आतलं वातावरण सांभाळायला, कार्बोनिक अनहायड्रेज-९ पेशीच्या पृष्ठभागावर येतं. नवीन वाहिन्यांसाठी व्हीईजीएफ सोडलं जातं. दुसरीकडे, हिफच्या जोडीनेच चालणाऱ्या यंत्रणा प्रथिनं बनवण्याचा वेग खाली आणतात, कारण प्रथिनं बनवणं हा पेशीचा सगळ्यात महागडा उद्योग आहे. प्रथिनं कमी म्हणजे विभागणी उशिरा. तुमच्या पेशी कमी भरल्या त्यामागे हे एक सरळ कारण आहे. अर्थात १ टक्क्यावर किती मंदावतील हे सेल लाइन, पेशींची दाटी आणि मीडियममधलं (पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातलं) ग्लुकोज यांवर अवलंबून असतं. ०.१ टक्क्याच्या खाली गेलात तर बहुतेक सगळ्याच मंदावतात.

सरकण्याच्या बाबतीत, एपिथेलियल पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी होणं, व्हायमेंटिन वाढणं, स्नेल आणि ट्विस्टसारखे नियंत्रक चालू होणं, शेजारचं कोलॅजन घट्ट करणारं लायसिल ऑक्सिडेज बाहेर पडणं, हे सगळं कमी ऑक्सिजनमध्ये नोंदवलं गेलं आहे. पण हा बदल डोके-मानेच्या गाठीत सहसा अर्धवटच असतो. पेशी पूर्णपणे रूप पालटत नाही. शेजारणीचा हात सैल करते, सोडत मात्र नाही, आणि गटानेच पुढे सरकते. यासाठी २४ तास पुरतीलच असं नाही. काही लाइनमध्ये ४८ ते ७२ तासांनी फरक दिसतो, आणि काहींत पेशी परत हवेत आणल्यानंतर.

चिवटपणाचा आणखी एक मार्ग आहे, तो निवडीचा. १९९६ साली ग्रेबर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ऑक्सिजनच्या कमतरतेत निरोगी पी-५३ (इजा झालेल्या पेशीला थांबवणारं किंवा मारणारं प्रथिन) असलेल्या पेशी आत्मनाश करतात आणि पी-५३ बिघडलेल्या पेशी मागे उरतात. म्हणजे कमतरता पेशीला बदलतेच, शिवाय कुणाला जगू द्यायचं हेही ठरवते. डोके-मानेच्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) नसलेल्या बहुसंख्य गाठींत पी-५३ बिघडलेलं असतंच. फाडूही त्याला अपवाद नाही: १९६८ साली हायपोफॅरिंक्सच्या गाठीपासून ही लाइन तयार झाली, तिच्यात पी-५३ आधीपासूनच उत्परिवर्तित आहे. त्यामुळे ही निवड तुम्हाला फाडूमध्ये दिसणारच नाही. ती शर्यत तुमच्या हातात यायच्या आधीच संपलेली आहे.

आता तुमच्या बाकाकडे येऊ. कोऱ्या ब्लॉटचं मला दिसणारं कारण असं, की प्लेट चेंबरमधून काढली, सेंट्रिफ्यूजच्या खोलीत नेली, मीडियम ओतलं, धुतलं आणि मग लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) घातला. या सगळ्याला पाच-सात मिनिटं सहज लागतात आणि तेवढ्यात हिफ गेलेला असतो. सुरुवातीला माझेही सलग तीन ब्लॉट असेच कोरे आले होते. अँटिबॉडी खराब आहे असं समजून मी नवीन मागवली, तरी ब्लॉट कोराच. शेवटी एकदा लायसिस बफर थंड करून चेंबरच्या आतच ठेवला, हातमोज्यांतून मीडियम काढलं आणि तिथल्या तिथे पेशी फोडल्या. त्या दिवशी पट्टा पहिल्यांदा आला, आणि तोही काळाकुट्ट. तुमच्याकडे हातमोज्यांचं चेंबर नसून गॅस भरलेला बंद डबा असेल, तर डबा बर्फाच्या शेजारीच उघडा, एका वेळी एकच प्लेट घ्या, आणि काढल्यापासून बफर पडेपर्यंत एक मिनिटाच्या वर जाऊ देऊ नका.

दुसरी बाजू वेळेची. बऱ्याच लाइनमध्ये हिफ-१ अल्फा ४ ते ८ तासांत शिखर गाठतो आणि २४ तासांनी उतरलेला असतो, कारण त्याला मोडणाऱ्या हायड्रॉक्सिलेजपैकी काही जनुकं तो स्वतःच चालू करतो. म्हणून एकाच वेळेचा नमुना घेऊन ‘हिफ नाही’ असा निष्कर्ष काढू नका. सोबत कार्बोनिक अनहायड्रेज-९ बघा. ते उशिरा चढतं आणि बराच काळ टिकतं, त्यामुळे पेशींना कमतरता खरोखर भोगावी लागली का याचा तो जास्त भरवशाचा साक्षीदार आहे.

डिस्प्लेवर १ टक्का दिसतो तो चेंबरमधल्या हवेचा. पेशी असतात मीडियमच्या तळाशी, आणि न हललेल्या मीडियममधून ऑक्सिजन फार सावकाश बाहेर पडतो. त्यात प्लॅस्टिकची प्लेट स्वतःच ऑक्सिजन धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. पहिले तीन-चार तास तुमच्या पेशी १ टक्क्यावर नसतातच. मीडियम आदल्या रात्रीच चेंबरमध्ये उघडं ठेवा आणि पेशींवर तेच घाला, तेही उथळ. उलट बाजूही विसरू नका. दाट भरलेल्या प्लेटमध्ये साध्या इन्क्युबेटरमध्येसुद्धा पेशी ऑक्सिजन इतक्या वेगाने वापरतात की तळाशी तो बराच कमी होतो. तुमचा कंट्रोल दाट आणि हायपॉक्सियाची प्लेट विरळ असेल, तर तुम्ही समजता त्याहून दोन प्लेटमधला ऑक्सिजनचा फरक कितीतरी लहान आहे.

मीडियमचा रंग रोज लिहून ठेवा. साधी सवय आहे, पण तिने माझे कितीतरी चुकीचे निष्कर्ष वाचवले. २४ तासांनी हायपॉक्सियाची प्लेट गुलाबीची नारिंगी-पिवळी झाली असेल, तर पेशींनी ग्लुकोज संपवत आणलं आहे आणि आम्ल साठलं आहे. मग तुम्ही मोजताय ती भूक आणि आम्लता, ऑक्सिजन बाजूलाच राहिला. गाठीत या तिन्ही गोष्टी हातात हात घालून येतात हे खरं, पण प्रयोगात त्या वेगळ्या करता आल्या पाहिजेत. पेशी कमी घाला, मीडियममधलं ग्लुकोज मोजा, किंवा मधे एकदा चेंबरच्या आतच मीडियम बदला.

स्क्रॅचबद्दल माझं मत थोडं कडक आहे. या प्रश्नासाठी स्क्रॅच हे कच्चं साधन आहे. भेग भरते ती सरकण्याने आणि विभागण्याने, दोन्हींनी मिळून. विभागणी मंदावलेली असताना भेग उशिरा भरली यावरून सरकण्याबद्दल काहीच कळत नाही. करायचंच असेल तर सीरम कमी करा किंवा विभागणी थांबवणारं मायटोमायसिन-सी आधी वापरा, आणि १२ ते १६ तासांत मोजणी संपवा. त्याहून चांगलं म्हणजे मॅट्रिजेलमधून (ऊतीसारख्या प्रथिनांच्या जेलमधून) आरपार जाणाऱ्या पेशी मोजा, आणि तीन गट ठेवा: सतत हवेत, सतत कमतरतेत, आणि कमतरतेतून काढून परत हवेत आणलेल्या. मला स्वतःला बोलका फरक बहुतेक वेळा तिसऱ्या गटात मिळाला आहे. टिकाव मोजायचा असेल तर कॉलनी मोजण्याला पर्याय नाही. पेशी विरळ पेरा, दहा-बारा दिवस थांबा, पन्नासपेक्षा जास्त पेशींच्या वसाहती मोजा. वेळखाऊ काम आहे, पण उपचारानंतर गाठ परत येते ती अशाच, वसाहत करू शकणाऱ्या पेशींपासून.

कुणी तुम्हाला चेंबरऐवजी कोबाल्ट क्लोराइड वापरायला सांगेल. त्याने हायड्रॉक्सिलेज अडतात आणि हिफ साठतो हे बरोबर. पण मायटोकॉन्ड्रियाला ऑक्सिजन मिळतच असतो, किरणांची रसायनक्रियाही तशीच राहते, शिवाय कोबाल्ट विषारी आहे. हिफच्या अँटिबॉडीचा पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून खुशाल वापरा, पण शीर्षकात हायपॉक्सिया लिहू नका.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पेशी मंदावल्या हे पटण्यासारखं आहे, स्क्रॅचने तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलेलंच नाही, ब्लॉट नव्याने आणि चेंबरच्या आत करा.

पुढे कधी किरण द्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. किरणांमुळे डीएनएवर जे मुक्त मूलक तयार होतात, त्यांच्याशी ऑक्सिजन काही मिलिसेकंदांत संयोग पावतो आणि इजा पक्की करतो. ऑक्सिजन नसेल तर पेशीतले ग्लुटाथायोनसारखे सल्फरयुक्त रेणू हायड्रोजन देऊन ती इजा पूर्ववत करतात. त्यामुळे ऑक्सिजनविना तितक्याच पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. हा परिणाम किरण पडतात त्या क्षणाच्या ऑक्सिजनवर ठरतो. चेंबरमधून काढलेली प्लेट उघडी नेऊन मशीनखाली ठेवलीत तर तोवर ऑक्सिजन परत आलेला असतो आणि तुम्हाला वाटेल, हायपॉक्सियाने काहीच फरक पडत नाही. हवाबंद डब्यातच किरण द्या.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. रुग्णांमध्ये हे खरंच महत्त्वाचं आहे का, याचं उत्तर सुई-इलेक्ट्रोड थेट गाठीत घालून ऑक्सिजन मोजून मिळालं. नॉर्ड्समार्क आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अनेक केंद्रांतल्या ३९७ रुग्णांची मापं एकत्र केली. किरणोपचार घेतलेल्या या रुग्णांत, गाठीच्या जितक्या जास्त भागात ऑक्सिजन २.५ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली, तितकं जगण्याचं प्रमाण कमी. हे मोजमाप जवळजवळ सगळ्या गाठींत कमी-जास्त प्रमाणात कमतरता दाखवतं, आणि एकाच आकाराच्या, एकाच टप्प्यातल्या दोन गाठींत ती कमालीची वेगळी असू शकते. गाठ किती मोठी आहे यावरून अंदाज बांधता येत नाही.

मग मास्क लावून ऑक्सिजन का देत नाही? कारण निरोगी फुप्फुसं असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेतही जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. शुद्ध ऑक्सिजनने प्लाझ्मात विरघळलेला ऑक्सिजन थोडा वाढतो, पण वाटेतल्या पेशी तोही वापरून टाकतात, आणि बंद पडलेल्या वाहिनीतून तर काहीच पोचत नाही. उच्च दाबाच्या कक्षात ठेवून किरण देण्याचे प्रयोग १९५० च्या दशकात सुरू झाले. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये गाठ आटोक्यात येण्याचं प्रमाण काही चाचण्यांत सुधारलंही. पण रोज रुग्णाला कक्षात बंद करून उपचार देणं जिकिरीचं होतं आणि निरोगी ऊतींवरचे दुष्परिणामही वाढले, म्हणून ते मागे पडलं.

रक्त वाढवण्याचा मार्गही सरळ वाटतो. कमी हिमोग्लोबिन असलेल्यांचे निकाल वाईट येतात, तर ते वाढवू. २००३ साली ३५१ रुग्णांवरच्या चाचणीत किरणोपचारासोबत एरिथ्रोपोइटिन हे लाल रक्तपेशी वाढवणारं औषध दिलं गेलं. हिमोग्लोबिन वाढलं, पण गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण आणि जगण्याचं प्रमाण दोन्ही औषधाच्या गटात खालावलं. डेन्मार्कच्या चाचणीत रक्त देऊनही फायदा झाला नाही. या निकालांनी मला शिकवलं ते असं, की एखादी गोष्ट वाईट निकालासोबत दिसते म्हणून ती दुरुस्त केल्याने निकाल सुधारेलच असं नाही.

ऑक्सिजनची नक्कल करणाऱ्या औषधांनी जास्त आशा दाखवली. डेन्मार्कच्या डाहान्का-५ चाचणीत चारशेहून अधिक रुग्णांना किरणोपचारासोबत निमोरॅझोल किंवा निष्क्रिय गोळी दिली. पाच वर्षांनी गाठ आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण निमोरॅझोलमध्ये ४९ टक्के, दुसऱ्या गटात ३३ टक्के. डेन्मार्कमध्ये ते नेहमीच्या उपचारात आलं, इतरत्र फारसं रुजलं नाही, आणि नंतर वयस्क किंवा केमो न झेपणाऱ्या रुग्णांवरच्या ब्रिटिश चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. कमतरतेतल्या पेशींनाच मारणारं टिरापॅझामिन ८६१ रुग्णांवर तपासलं गेलं, २०१० साली निकाल आला: फरक नाही. त्या चाचणीत कुणाच्या गाठीत कमतरता आहे हे आधी बघितलंच नव्हतं. आणि आधीच्या एका छोट्या अभ्यासात पेट स्कॅनवर कमतरता दिसलेल्यांनाच त्या औषधाचा लाभ झाला होता. नेदरलँड्समध्ये स्वरयंत्राच्या कॅन्सरवर किरणोपचारासोबत कार्बोजन (ऑक्सिजनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू) आणि निकोटिनामाइड (बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) वापरलं, तिथेही मानेतला आजार आटोक्यात येण्याचा लक्षणीय फायदा कमतरता असलेल्या गाठींत दिसला. २०११ साली अशा ३२ चाचण्यांतल्या ४,८०५ रुग्णांचा एकत्रित हिशेब झाला आणि कमतरतेवर इलाज केल्याने एकूण फायदा होतो हे स्पष्ट झालं. मला हे वाचून आजही हळहळ वाटते. इलाज निरुपयोगी नव्हता, तो न निवडता सगळ्यांना वाटला गेला आणि ज्यांना उपयोग झाला असता ते सरासरीत हरवले.

एचपीव्हीमुळे झालेल्या घशाच्या कॅन्सरला हे सगळं तसंच्या तसं लागू पडत नाही. ऑक्सिजन त्यांच्यातही कमी असतो, तरी त्या गाठी किरणांना चांगली दाद देतात, आणि डाहान्का-५ मधल्या पी-१६ पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीत एचपीव्हीची खूण सापडलेल्या) रुग्णांना निमोरॅझोलने जास्तीचा फायदा झाला नव्हता. उलट या गटात कमतरता मोजून उपचार कमी करण्याचा प्रयत्न सुरू आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पेट स्कॅनवर कमतरता नसलेल्या किंवा उपचार सुरू होताच ती नाहीशी झालेल्या रुग्णांना नेहमीच्या ७० ग्रेऐवजी (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) फक्त ३० ग्रे किरण केमोसोबत दिले आणि बहुतेकांचा आजार आटोक्यात राहिला. अजून हे नियमित उपचारात आलेलं नाही. म्हणून तुमच्या प्रबंधात एचपीव्ही असलेली एक आणि नसलेली एक अशा किमान दोन लाइन घ्या. एकट्या फाडूवरून सगळ्या डोके-मानेच्या कॅन्सरबद्दल बोलता येणार नाही.

रुग्णाच्या हातातली एक गोष्ट मात्र आहे. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवरची ऑक्सिजनची जागा अडवतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किरणोपचार चालू असतानाही धूम्रपान करत राहिलेल्यांपैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली, न करणाऱ्यांत ७४ टक्क्यांची. यामागे ऑक्सिजन हे एकच कारण नसेल. तरी ओपीडीत कुणी विचारलं तर मी सगळ्यात आधी हेच सांगते.

ब्लॉट परत लावाल तेव्हा ०, ४, ८ आणि २४ तास अशा वेळा घ्या, आणि २४ तासांची एक जादा प्लेट काढून दहा मिनिटं हवेत ठेवून मग फोडा. ४, ८ आणि २४ तासांच्या प्लेटमध्ये पट्टा आला आणि त्या शेवटच्या प्लेटमध्ये गेला, तर आधीचा कोरा ब्लॉट कशामुळे आला हे गाइडना दाखवता येईल. पेशी किती पेरल्या, मीडियम किती मिलिलिटर होतं आणि २४ तासांनी त्याचा रंग काय होता, हे लिहून कळवा.